आवाज येऊन राह्यला का?

सोमवार ते शुक्रवार हेडफोन आणि हेल्पडेस्क, शनिवारी रात्री मिक्सर आणि मंडप! नाटकाचा आवाज रचणं हे करिअर होऊ शकतं का? उत्तर शोधायला आम्ही थेट भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांधीत जाऊन बसलो. तेही रात्रभर!

शनिवारची रात्र. साडेदहा वाजलेत. तुम्ही काय करताय? मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न, ऑफिसच्या ग्रुपबरोबर डिनर, नाहीतर सरळ पांघरुणात शिरून मोबाइलवर सीरिज. बरोबर?

आता तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारखंच गळ्यात आयकार्ड अडकवून आठवडा काढणाऱ्या एका पोराची शनिवारची रात्र बघा. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, पायाखाली धान कापल्यावर उरलेले खुंट. समोर मिक्सर, हातात चहाचा कप. आणि आजूबाजूला चादरी-ब्लँकेटं गुंडाळून बसलेला अख्खा गाव. पडदा अजून उघडलेला नाही, पण मागच्या रांगेतून पहिली आरोळी आलीये, ‘अरे माइकवाल्या, आवाज येऊन राह्यला का पाहा ना बे!’

हा माइकवाला म्हणजे माझा मामेभाऊ. वय २५. नागपुरात एका कंपनीत टेक्निकल सपोर्टला आहे. दिवसभर लोकांचे पासवर्ड रीसेट करून देतो. पण दिवाळी झाली की याच्या अंगात येतं! शनिवारी दुपारी नागपूरहून बस पकडायची, ६० किलोमीटरवर भंडारा, तिथून पुढे लाखांदूरकडे. रविवारी संध्याकाळी तांबारलेले डोळे घेऊन परत. सोमवारी सकाळी पुन्हा ‘हाऊ मे आय हेल्प यू’.

‘एकदा येऊन तर बघ ताई,’ असं तो दोन वर्षं म्हणत होता. शेवटी या जानेवारीत मी गेले. नाटक बघायला नव्हे, नाटक ऐकायला.

झाडीपट्टी म्हणजे काय, भाऊ?

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा जंगलपट्टा म्हणजे झाडीपट्टी. दंडार, खडी गंमत हे इथले जुने लोकप्रकार. आणि इथली नाटकं म्हणजे एक स्वतंत्र इंडस्ट्रीच! गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिचं मुख्यालय. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, तिकिटं विकतं, आणि कंपनी आपला रंगमंच, पडदे, दिवे, स्पीकर ट्रकमध्ये घालून गावात दाखल होते. आज या गावात, उद्या त्या गावात. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की हा मोसम उघडतो आणि होळीच्या आसपास आवरतो.

पूर्वी दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक असा बेत असायचा. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. मधल्या काळात पट थांबले, नाटकं मात्र चालू राहिली. २०२३ मध्ये इथले ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याआधी २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ हा मराठी सिनेमा याच रंगभूमीवर येऊन गेला. म्हणजे जगाला पत्ता हळूहळू लागतोय!

आता आपल्या विषयाकडे. हे नाटक उघड्यावर होतं. रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. भिंती नाहीत, छत नाही, एसी नाही. तालमी अगदी मोजक्या, त्यामुळे प्रॉम्प्टर हा मोठा आधार. वादक रंगमंचासमोर बसून लाइव्ह वाजवतात. प्रेक्षक? तिकीट काढून, थंडीत कुडकुडत बसलेले, आणि एक वाक्य ऐकू आलं नाही तर लगेच ओरडणारे. साऊंड शिकायला यापेक्षा कडक मास्तर कुठे मिळणार?

साऊंडवाला की साऊंड डिझायनर?

मंडप टाकणाऱ्याकडून स्पीकर आणले, वायरी जोडल्या, ‘हॅलो माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हटलं, की झालं साऊंड. असंच वाटतं ना? मलाही वाटायचं.

खरं तर यात दोन कामं आहेत. पहिलं, जे बोललं-गायलं जातंय ते प्रत्येकाच्या कानापर्यंत नीट पोचवणं. दुसरं, नाटकात काय ऐकू यावं हे ठरवणं. वादळ कधी सुरू होईल, दारावरची थाप कुठून येईल, गाणं संपल्यावर किती वेळ काहीच ऐकू येणार नाही. पहिलं काम तंत्रज्ञाचं, दुसरं डिझायनरचं. छोट्या टीममध्ये दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात.

‘साऊंड डिझायनर’ हा शब्दच तसा तरुण आहे. नाटकात तो पहिल्यांदा वापरला गेला तो अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन कॉन्झर्व्हेटरी थिएटरमध्ये १९६८ च्या सुमारास डॅन ड्यूगन यांच्या कामासाठी. याच ड्यूगन यांनी पुढे ऑटोमॅटिक मिक्सर बनवला. जो नट बोलतोय त्याचा माइक आपोआप वर, बाकीचे खाली. आज अनेक डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते. माझ्या भावाकडच्या जुन्या मिक्सरमध्ये नाही. तिथे ते काम त्याची बोटं करतात, रात्रभर!

मान मिळवायलाही या मंडळींना झगडावं लागलं. ब्रॉडवेच्या प्रतिष्ठेच्या टोनी पुरस्कारांत साऊंड डिझाइनला जागा मिळाली ती थेट २००८ मध्ये. २०१४ मध्ये ती काढून टाकली. जगभरच्या साऊंडवाल्यांनी आवाज उठवला (हे काम त्यांना चांगलंच जमतं!) आणि २०१८ मध्ये पुरस्कार परत आला. तात्पर्य काय, तर काम चांगलं झालं की साऊंड कुणाच्या लक्षातच येत नाही. बिघडलं की सगळ्यांच्या येतं.

झाडीपट्टीच्या पोस्टरवरही तेच. नायक-नायिकेचे फोटो हे एवढे मोठे, लावणी डान्सरचा त्याहून मोठा. आणि अगदी तळाशी, प्रेसच्या नावाशेजारी, मुंगीच्या अक्षरांत ‘ध्वनी’ आणि पुढे माझ्या भावाचं नाव. त्याने तेवढाच कोपरा कापून पाकिटात ठेवलाय.

पाऊस कशावर पडतोय?

पहिल्या मोसमात भावाने एक चूक केली होती. नाटकात पावसाचा सीन. त्याने इंटरनेटवरून झकास पाऊस डाउनलोड केला. स्टिरिओ, हाय क्वालिटी, सगळं. प्रयोगात तो वाजला आणि पुढच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, ‘हा कोन्या गावचा पानी आहे गा?’

आजोबांचं चुकलं नव्हतं! नाटकातलं घर कवेलूंचं होतं आणि हा पाऊस पडत होता कुठल्यातरी परदेशी डांबरी रस्त्यावर. ज्या माणसाचा सगळा जन्म पावसाकडे कान लावून गेला, त्याला कवेलूवरचा, टिनावरचा आणि भरल्या बांधीतला पाऊस वेगवेगळा कळतो. भंडारा म्हणजे धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथे पाऊस हे बॅकग्राउंड नाही, ते पात्र आहे.

त्या पावसाळ्यात पठ्ठ्या मोबाइल आणि एक छोटा रेकॉर्डर घेऊन आजोळच्या घरी बसला. कवेलूवरचा पाऊस. पन्हाळीतून बादलीत पडणारं पाणी. ओसरीवरून ऐकू येणारा बेडकांचा ऑर्केस्ट्रा. मग चटकच लागली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, मळणी यंत्र, रेल्वे फाटक. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, तर बाजारात जाऊन एका दुकानदाराला पटवून हंड्यावर बोटांनी, लाकडाने, चमच्याने वाजवून घेतलं. तो पितळी ठणका आता एका नाटकात घराची वाटणी होते तेव्हा वाजतो. भांडी वेगळी होतात ना! संवाद नाही, गाणं नाही, फक्त हंडा जमिनीवर ठेवल्याचा आवाज. बायका पदर डोळ्यांना लावतात.

हा आहे साऊंड डिझाइनचा फंडा. यंत्र नंतर. आधी प्रश्न. हा आवाज कुठला, कुणाच्या कानाने ऐकायचा, आणि तो नसला तर काय बिघडेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो आवाज काढून टाकायचा.

आपल्या रंगभूमीला हे नवीन आहे असं समजू नका. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. भास्कर चंदावरकरांचं संगीत, आणि रंगमंचावर माणसांचीच भिंत. ती भिंत गाते, हलते, कुजबुजते. नाटकाचा आवाज म्हणजे फक्त स्पीकरमधून येणारा आवाज नव्हे, हे तिथे दिसतं.

चौतीस मीटरचा घोळ

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, दहावीचंच आहे.

आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. वायरीतली वीज त्या मानाने लगेच पोचते. समजा रंगमंचाजवळ स्पीकर आहेत आणि मागच्या लोकांसाठी ३४ मीटरवर आणखी दोन लावले. मागे बसलेल्या माणसाला जवळच्या स्पीकरमधून शब्द लगेच ऐकू येतो आणि रंगमंचाकडून तोच शब्द सेकंदाचा दहावा भाग उशिरा. परिणाम? ‘बाबा’चं ‘बाबाबाबा’! मग मंडळाचे कार्यकर्ते सांगतात, ‘आवाज वाढव.’ वाढवला की घोळ आणखी वाढतो.

उपाय सोपा आहे. मागच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडायचा. १०० मिलिसेकंद आणि वर थोडेसे. कान मोठा गमतीशीर आहे. जो आवाज आधी पोचतो, तिकडूनच बोलणं येतंय असं तो मानतो. वरचा तो थोडासा उशीर दिला की मागच्या प्रेक्षकालाही नट रंगमंचावरूनच बोलतोय असं वाटतं, शेजारच्या खांबावरून नाही.

दुसरं, उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. थिएटरात भिंती मदत करतात, इथे भिंतीच नाहीत. तिसरं, ती जगप्रसिद्ध शिट्टी. माइक स्पीकरचा आवाज ऐकतो, तो परत स्पीकरला देतो, स्पीकर परत माइकला, आणि कुईंऽऽऽ! जितके जास्त माइक उघडे, तितकी शिट्टी लवकर. म्हणून नट बोलत नसेल तर त्याच्या डोक्यावरचा माइक खाली. हीच ती रात्रभराची बोटांची कसरत.

आणि चौथी गोष्ट मला त्या रात्री कळली. हिवाळ्यात जमिनीजवळची हवा थंड आणि वरची उबदार असली की वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबवर जातो. म्हणजे जे वाक्य तुमच्या शेवटच्या रांगेला नीट कळत नाही, त्याचा गलका शेजारच्या गावाची झोप मोडतो! ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नको हा मूळ नियम. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला हा प्रश्न कायमचाच चिकटलेला. परवानगी काढणं आयोजक मंडळाचं काम. पण स्पीकरचं तोंड आभाळाकडे नाही तर प्रेक्षकांकडे वळवणं आणि गरजेपुरताच आवाज ठेवणं, हे साऊंडवाल्याचं.

ती रात्र

एवढं सगळं ज्ञान ऐकून झालं आणि मग ते प्रत्यक्ष बघायची वेळ आली.

रात्रीचे अडीच. तिसरा अंक. बाप आजारी आहे आणि शहरातून परत आलेली मुलगी त्याची माफी मागतेय. नाटकाचा सगळा भार या सीनवर. आणि नेमका मधला, वरून लटकवलेला माइक खरखरायला लागला. आधी हळू, मग तळणीत पाणी पडावं तसा तडतड. भावाने तो बंद केला. झालं! मुलगी बरोबर त्याच्याच खाली उभी होती. तिचे ओठ हलताहेत, आवाज नाही. मागून आरोळ्या सुरू. ‘आवाऽऽज!’ ‘अरे आयकू येऊन नाही राह्यलं!’ कुणीतरी शिट्टी मारली. मंडळाचा एक कार्यकर्ता मिक्सरकडे धावत आला आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून ओरडला, ‘वाढव, वाढव सारं!’

मी त्याच्या शेजारी होते. मला वाटलं, हा आता वाढवणार. बाजूचे दोन माइक वर केले असते तर शिट्टी ठरलेली.

त्याने उलटं केलं. पार्श्वसंगीताचा ट्रॅक खाली ओढला. पूर्ण. मग ऑर्गनच्या मास्तरांकडे बघून तळहात जमिनीकडे दाबला. मास्तर जुने खेळाडू, त्यांनी सूर तिथेच सोडला. तबलाही थांबला. अचानक मैदानात काही म्हणजे काही ऐकू येईना. फक्त लांबवर जनरेटरची धडधड.

आणि लोक गप्प झाले. काय झालं म्हणून गप्प झाले, की सीनमुळे, कुणास ठाऊक. त्या तीन-चार सेकंदांत नटीच्या लक्षात आलं. ती एक पाऊलही न अडखळता, रडतरडतच, बापाच्या उशाकडून पायथ्याशी सरकली. तिथे उजवीकडचा माइक होता. भावाने तोच एक हळूच वर केला. पुढचं वाक्य ती जवळजवळ कुजबुजली. आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

‘एखादी गोष्ट ऐकू यायला हवी असेल तर बाकीचं कमी करायचं,’ पहाटे वायरी गुंडाळताना तो म्हणाला. ‘वाढवणं कुणालाही येतं गं.’

पण पैशाचं काय?

आला ना प्रश्न मनात? आमच्या मामीच्या मनात तर तो पहिल्या दिवसापासून आहे. तिचा सवालही अगदी थेट आहे. ‘माइकवाल्याले पोरगी कोन देईल?’

खरं सांगायचं तर झाडीपट्टीत काम प्रयोगावर मिळतं. तिथल्या भाषेत ‘नाईट’. नाईट झाली तर पैसे, नाही तर नाही. मोसम चार-पाच महिन्यांचा. पाऊस आडवा आला, गावात मयत झाली, तर नाईट गेली. २०२०-२१ मध्ये कोरोनाने मोसमाचं काय केलं ते इथल्या कुठल्याही घरी विचारा. पीएफ नाही, अप्रेझल नाही, ‘वर्क फ्रॉम होम’ तर नाहीच नाही!

पण उरलेल्या महिन्यांत कान रिकामे बसत नाहीत. गणपती-नवरात्रातले कार्यक्रम, लग्नं, संस्थांची संमेलनं, एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, रेकॉर्डिंग स्टुडिओ, पॉडकास्ट, ऑडिओबुक. नाटकात आवाज रचायला शिकलेला माणूस यातल्या बऱ्याच ठिकाणी चालतो. मात्र नाटकातलं काम एका दिवसात मिळत नाही. आधी वायरी गुंडाळायच्या. मग ऑपरेटर व्हायचं, म्हणजे दुसऱ्याने ठरवलेले आवाज वेळेवर सोडायचे. मग कधीतरी एखादा दिग्दर्शक विचारतो, ‘तुला काय वाटतं, इथे काय ऐकू यावं?’ त्या दिवशी तुम्ही डिझायनर!

आमच्या भावाने नोकरी सोडलेली नाही. घराचा हप्ता आहे, मामांचं औषधपाणी आहे. पण त्याने दोन गोष्टी केल्यात. ऑफिसात शनिवारची शिफ्ट कायमची बदलून घेतली, त्यासाठी सकाळी सहाची ड्यूटी पत्करून. आणि या वर्षी एका ध्वनी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलंय. लागला नंबर तर तीन वर्षं पगार नाही. ‘तेव्हाचं तेव्हा,’ असं तो म्हणतो. म्हणतो हसून, पण हिशेबाची वही त्याच्या बॅगेत असते. मी पाहिलीये.

सुरुवात कुठून करायची?

तुम्हालाही कान फुटले असतील, म्हणजे चांगल्या अर्थाने, तर हे वाचा.

*आधी ऐका.* रोज दहा मिनिटं एका जागी बसून ऐकू येणाऱ्या आवाजांची यादी करा. ऑफिसच्या कँटीनमध्ये, लोकलमध्ये, गच्चीवर. जवळचा कुठला, लांबचा कुठला, सतत कुठला. आठवड्याभरात फरक कळेल. फुकट आहे!

*स्वतःची आवाजांची पेटी जमवा.* मोबाइलही चालेल. प्रत्येक फाइलला नीट नाव द्या. जागा, तारीख, वेळ. ‘पाऊस १’, ‘पाऊस २’ असं ठेवलंत तर प्रयोगाच्या दिवशी रडाल.

*सॉफ्टवेअर.* काटछाट करायला ऑडॅसिटी पुरेसं आहे, तेही मोफत. प्रयोगात आवाज क्रमाने सोडायला जगभर क्यूलॅब वापरतात. ते फक्त मॅकवर चालतं, पण प्राथमिक आवृत्तीला पैसे पडत नाहीत.

*क्यू शीट लिहायला शिका.* कुठल्या वाक्यावर कुठला आवाज, किती मोठा, किती वेळात आत, किती वेळात बाहेर. तुम्ही आजारी पडलात तर तो कागद वाचून दुसऱ्याला प्रयोग करता आला पाहिजे.

*मिक्सर प्रेक्षकांत ठेवा.* विंगेत बसून लोकांना काय ऐकू येतंय ते कळत नाही. नाइलाजाने विंगेत बसावं लागलंच, तर पहिल्या अंकात एकदा तरी मागच्या रांगेपर्यंत चालून या.

*शिक्षण.* दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे. तिथे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात रंगतंत्र आणि डिझाइनचाही समावेश आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, इथे संपूर्ण नाटकाचं शिक्षण मिळतं. फक्त आवाजावरच लक्ष द्यायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये साऊंड रेकॉर्डिंग आणि साऊंड डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो सिनेमासाठीचा, पण कान तेच! ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी तिथलेच. पदवी कुठलीही चालते, मात्र बारावीला फिजिक्स असावं लागतं. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपत्रिका नीट वाचा.

*आणि हे काहीच जमणार नसेल तर?* जवळची एखादी हौशी नाट्यसंस्था गाठा आणि म्हणा, ‘मी वायरी गुंडाळतो.’ नाही म्हणणारी संस्था अजून जन्माला यायचीय!

शेवटची रांग

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या रात्री मामीही आली होती. मुलाचं हे काम बघायला, दोन मोसमांत पहिल्यांदाच. भावाने पुढच्या खुर्चीचं तिकीट काढून ठेवलं होतं. ती तिथे बसलीच नाही. ‘मले थंडी वाजते,’ म्हणून गावातल्या बायकांबरोबर पार मागे, शेकोटीच्या अंगाला जाऊन बसली. शेवटच्या रांगेत.

पहाटे पाच वाजता पडदा पडला. लोक ब्लँकेटं झटकत निघाले. भाऊ कसा झाला प्रयोग विचारायला तिच्याकडे गेला नाही, मिक्सरच्या पिना काढत बसला. तीच आली. थोडा वेळ नुसती उभी राहून वायरी गुंडाळणं बघत होती.

‘त्या पोरीनं बापाले हळूच सांगितलं ना,’ ती म्हणाली, ‘थे बी आयकू आलं.’

मग शाल सावरत दोन पावलं पुढे गेली आणि वळून म्हणाली, ‘पन नोकरी सोडू नोको बापा.’

भाऊ हसला. सोमवारी सकाळी सहा वाजता तो ड्यूटीवर होता.